कंबोडियातील शाळेत सहा आठवड्यांची स्वयंसेवा आणि सुट्टीच्या दिवशी अंकोर: अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे

वजाबाकी यांचा प्रश्न:

नमस्कार. मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झाले. कंबोडियातील सिएम रीप शहराजवळच्या एका गावात एक छोटी संस्था शाळा चालवते. तिथे जानेवारीच्या मध्यापासून सहा आठवडे स्वयंसेवक म्हणून यावे, असे निमंत्रण एका परिचितांमार्फत आले आहे. सहावी ते आठवीच्या मुलांना इंग्रजी आणि थोडे गणित शिकवावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. राहण्याची सोय संस्थेच्या अतिथिगृहात होईल, मात्र त्यासाठी आणि ‘कार्यक्रम शुल्क’ म्हणून दर आठवड्याला काही रक्कम मला भरावी लागेल. शनिवार-रविवार मोकळे असतील, असे त्यांनी कळवले आहे.

माझ्या शंका अशा आहेत. ख्मेर भाषेचा एक शब्दही येत नसताना मी त्या मुलांच्या खरोखर उपयोगी पडेन का, की माझ्या हौसेसाठी त्यांचा वेळ खर्च होईल? संस्था विश्वासार्ह आहे हे इथे बसून कसे ताडावे? व्हिसा कोणता घ्यावा? अंकोरची मंदिरे पाहण्याची इच्छा फार जुनी आहे, परंतु ती दोन दिवसांत धावतपळत उरकायची नाहीत. सहा आठवड्यांच्या सुट्ट्यांची आखणी कशी केली असता मंदिरेही नीट पाहून होतील आणि सोमवारी वर्गात पेंगण्याची वेळही येणार नाही, हे कोणी सांगू शकेल का? माझे वय एकोणसाठ आहे, गुडघे बरे आहेत, पण उंच पायऱ्यांशी फार सख्य नाही.

---

खडूची_पूड यांचा प्रतिसाद:

मी सिएम रीपपासून पंधरा-वीस किलोमीटरवरच्या एका शाळेत दोन वेळा मिळून साडेचार महिने काम केले आहे, त्यामुळे शाळेविषयी लिहितो. मंदिरांविषयी माझ्यापेक्षा अधिक जाणणारे इथे आहेत.

सर्वप्रथम संस्थेची पारख. ती शाळाच आहे ना, की शाळेच्या नावाखाली चाललेला अनाथाश्रम, हा पहिला प्रश्न विचारा. कंबोडियात परदेशी पाहुण्यांच्या देणग्यांवर अनाथाश्रमांचे पीक आले होते. तिथल्या सरकारने युनिसेफच्या मदतीने केलेल्या पाहणीत असे दिसून आले की, अशा ठिकाणी राहणाऱ्या बहुसंख्य मुलांच्या आई-वडिलांपैकी किमान एक जण हयात होते. गरिबीमुळे घरच्यांनी त्यांना तिथे ठेवले होते आणि पाहुणे येत राहावेत म्हणून ती तिथेच ठेवली जात होती. माझ्या पहिल्या खेपेला मध्यस्थ संस्थेने शाळेचे नाव सांगून मला अशाच एका वसतिगृहात नेले. रोज दुपारी पर्यटकांची एक बस येई आणि मुलांना ओळीने उभे राहून गाणे म्हणावे लागे. चौथ्या दिवशी मी तिथून निघालो. भरलेले पैसे परत मिळाले नाहीत ते नाहीतच.

म्हणून संस्थेला पत्र लिहून काही गोष्टी स्पष्ट विचारा. मुले संध्याकाळी स्वतःच्या घरी जातात का? तुमच्याकडून पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला मागितला जातो का? तो मागत नसतील तर तुमची सोय झाली असे समजू नका. जी शाळा अनोळखी माणसाला कागद न पाहता वर्गात सोडते, तिच्या दारातूनच परत फिरावे. तुमच्या शुल्कातील किती रक्कम स्थानिक शिक्षकांच्या पगाराला जाते? आणि सर्वांत महत्त्वाचे, फेब्रुवारीच्या अखेरीस तुम्ही निघालात की दुसऱ्या दिवशी त्या वर्गात कोण उभे राहणार? या शेवटच्या प्रश्नाला माणसाचे नाव घेऊन उत्तर आले तर समाधान माना. ‘पुढचा स्वयंसेवक’ असे उत्तर आले तर पुन्हा विचार करा.

व्हिसाचे बोलायचे तर पर्यटक व्हिसा ३० दिवसांचा असतो आणि तो एकदाच वाढवून मिळतो. शाळेत काम करायला जाणाऱ्याने तो घेऊच नये, असे माझे मत आहे. ‘ई’ वर्गाचा सर्वसाधारण व्हिसा घ्यावा. विमानतळावर तो ३५ डॉलरला मिळे, पर्यटक व्हिसा ३० डॉलरला. तो पुढे वाढवता येतो. बिनपगारी कामालाही परवाना लागू शकतो, तेव्हा संस्था त्याची कागदपत्रे करते का हे लेखी विचारून घ्या. विमानात बसण्यापूर्वी ई-अरायव्हल हा देशात प्रवेशाचा ऑनलाइन अर्जही भरावा लागतो.

आता वर्गाविषयी. भाषा येत नाही याची चिंता तुम्हाला वाटते तेवढी करू नका, कारण तुम्हाला कित्येक शब्द आधीच येतात. तिथे शाळेला ‘साला’ म्हणतात. आपलीच ‘शाला’ ती, पण पहिल्या दिवशी गावभर ‘साला, साला’ ऐकून मला हसू आवरेना. शिक्षकाला ‘लोक क्रू’ आणि शिक्षिकेला ‘नेआक क्रू’ म्हणतात. त्यातला ‘क्रू’ म्हणजे गुरू. भाषेला ‘फिएसा’ म्हणतात. त्यांच्या पंचांगात भाद्रपद आणि कार्तिक थोड्या बदललेल्या उच्चारांनी नांदतात. मुले हात जोडून अभिवादन करतात. आपणही तसेच करावे आणि मुलांच्या डोक्यावरून हात फिरवण्याचा मोह आवरावा, कारण डोक्याला स्पर्श करणे तिथे शिष्टसंमत नाही.

तुम्ही गणिताच्या शिक्षिका आहात म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ख्मेरमध्ये एक ते पाच हे स्वतंत्र शब्द आहेत: मुय, पी, बेई, बुओन, प्राम. सहा म्हणजे ‘प्राम-मुय’, पाच-एक. सात म्हणजे पाच-दोन, नऊ म्हणजे पाच-चार. माझ्या वर्गातली एक मुलगी आठात सात मिळवताना दोन्ही संख्यांमधले पाच-पाच बाजूला काढून आधी दहा करायची आणि मग उरलेल्या तीन आणि दोनची बेरीज करायची. मी फळ्यावर हातचा मांडेपर्यंत तिचे उत्तर तयार असे. तिला माझी रीत शिकवण्याचा उद्योग मी दोन दिवसांत थांबवला.

इंग्रजीत दोन अडचणी हमखास येतात. ख्मेर क्रियापदे काळानुसार बदलत नाहीत. काल, आज, उद्या असा शब्द जोडला की काम भागते, त्यामुळे मुलांना भूतकाळाचे रूप म्हणजे विनाकारण घातलेला घोळ वाटतो. शिवाय शब्दाच्या शेवटचा ‘स’ त्यांच्या तोंडून निसटतो, त्यामुळे अनेकवचन वहीत असते पण बोलण्यात नसते. मी शेवटच्या ‘स’ला टाळी वाजवण्याचा खेळ केला होता. एका आठवड्याने मुले माझ्याच वाक्यांवर टाळ्या वाजवू लागली आणि मी स्वतः किती ‘स’ गिळतो ते मला कळले.

एक तपासून घ्या. बऱ्याच सरकारी शाळा सकाळ आणि दुपार अशा दोन पाळ्यांत आणि शनिवारीही भरतात. संस्थांचे वर्ग कधीकधी या पाळ्यांच्या आगेमागे लावलेले असतात. ‘शनिवार-रविवार मोकळे’ हे खरोखर तसेच आहे ना, हे वेळापत्रक मागवूनच पाहा.

---

पायवाट यांचा प्रतिसाद:

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, म्हणून मी फक्त सुट्ट्यांविषयी लिहिते. तुमचा काळ उत्तम आहे. जानेवारी-फेब्रुवारीत हवा कोरडी आणि त्यातल्या त्यात थंड असते. एप्रिलची काहिली तुम्हाला लागणार नाही.

अंकोरचे प्रवेशपत्र तीन प्रकारचे असते: एक दिवसाचे ३७ डॉलर, तीन दिवसांचे ६२ आणि सात दिवसांचे ७२. सात दिवसांचे पत्र सलग सात दिवस वापरावे लागत नाही. एका महिन्याच्या आत कोणतेही सात दिवस निवडता येतात, आणि तुमच्यासारखीला तेच घेणे योग्य. पहिल्या शनिवारी ते घेऊ नका. पहिला आठवडा शाळा, गाव आणि पोट यांची घडी बसण्यात जाऊ द्या. दुसऱ्या शनिवारी घ्या, म्हणजे त्या तारखेपासून महिनाभरात पाच शनिवार आणि किमान चार रविवार येतात. त्यांतील सात निवडले की दोन दिवस धुणे, पत्रे आणि झोप यांसाठी शिल्लक राहतात. शाळा सुटल्यावर तासाभरासाठी मात्र जाऊ नका, कारण तासाभराच्या भेटीलाही एक पूर्ण दिवस खर्ची पडतो. पत्रावर तुमचे छायाचित्र छापलेले असते आणि ते ठिकठिकाणी तपासतात.

अंकोर वाट पश्चिमाभिमुख आहे. सगळे जग तिथे पहाटे पाचला तळ्याच्या काठी सूर्योदयासाठी गर्दी करते. एकदा जावे, पण मनोरे तेव्हा नुसते काळे दिसतात. खरे मंदिर दुपारी तीननंतर पाहावे, जेव्हा ऊन समोरून येते आणि दगड मधासारखा दिसतो. पहिल्या मजल्याच्या चारही बाजूंच्या सज्जांत शिल्पपट आहेत. पश्चिमेला दक्षिणेकडच्या अर्ध्या भागात कुरुक्षेत्र आहे आणि उत्तरेकडच्या अर्ध्यात लंकेचे युद्ध. पूर्वेच्या सज्जात जवळजवळ पन्नास मीटर लांबीचे समुद्रमंथन आहे. वासुकीला एका बाजूने ९२ असुर आणि दुसऱ्या बाजूने ८८ देव ओढत आहेत, मध्ये विष्णू, खाली कूर्म, आणि तळाशी मंथनाच्या घुसळणीत सापडून चिरफाळलेले मासे आणि मगरी. ते मासे बघायला मी तीनदा गेले. हे पट पश्चिमेच्या दारातून शिरून उजवीकडे वळून, म्हणजे मंदिर डाव्या हाताला ठेवून, क्रमाने पाहत जातात. आपल्या प्रदक्षिणेच्या सवयीने पाय उलटे वळतात, तेवढे सांभाळा. सर्वांत वरच्या गाभाऱ्याकडे जाणारा जिना फारच उभा आहे. तुम्ही तो सोडलात तरी काही बिघडत नाही, शिल्पपट सगळे खालीच आहेत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, हा नियम मात्र सगळीकडे पाळावा.

एक पूर्ण दिवस अंकोर थॉम या जुन्या राजधानीसाठी ठेवा, कारण तिथल्या बायॉन मंदिराचे दगडी चेहरे घाईने पाहिले तर सगळे सारखेच वाटतात. ता प्रोहम या झाडांच्या मुळांनी कवटाळलेल्या मंदिराच्या जतनात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचा मोठा वाटा आहे. अंकोर वाट येथेही याच खात्याने १९८६ ते १९९३ या काळात, देश पुरता सावरलेला नसताना, काम केले होते. ता प्रोहमला सकाळी दार उघडताच जा. नऊनंतर तिथे झाडांपेक्षा माणसे जास्त असतात.

तुमचा सर्वांत आवडता दिवस बांतेय स्रेईचा ठरेल असा माझा अंदाज आहे. मुख्य समूहापासून ते साधारण पंचवीस किलोमीटर उत्तरेला आहे. ९६७ मध्ये प्रतिष्ठापना झालेले हे गुलाबी वालुकाश्माचे मंदिर राजाने बांधलेले नाही, यज्ञवराह नावाच्या दरबारी विद्वानाने बांधले, आणि हा यज्ञवराह पुढे पाचव्या जयवर्म्याचा गुरू होता. मंदिर इतके बुटके आहे की तुमच्या गुडघ्यांना काही तक्रार राहणार नाही. कैलास हलवणारा रावण आणि खांडववनाचे दहन ही दोन शिल्पे जवळून दिसतात. वाटेत भूसुरुंगांचे संग्रहालय आहे, तिथे तासभर थांबा. ते पाहिल्यावर ‘पायवाट सोडू नका’ ही सूचना कशासाठी आहे ते वेगळे समजावावे लागत नाही. बेंग मेआलेआच्या मंदिराकडे किंवा कुलेनच्या डोंगरावर गेलात तर ती सूचना अक्षरशः पाळा. कुलेनचे तिकीट निराळे, २० डॉलरचे असते.

तोनले साप सरोवराविषयी थोडे सावध करते. पावसाळ्यात मेकाँगचे पाणी उलटे वाहून या सरोवरात शिरते आणि ते कित्येक पटींनी पसरते. खांबांवरच्या घरांचे काँपाँग फ्लुक हे गाव तेव्हा पाण्यावर तरंगल्यासारखे दिसते. फेब्रुवारीत पाणी बरेच ओसरलेले असते. म्हणून जायचे तर सुरुवातीच्या आठवड्यातच जा. आणि नावाडी वाटेत वह्या-पेन्सिली विकत घेऊन कुठल्याशा शाळेला भेट द्यायला सांगतील, तर नकार द्या. तुमची स्वतःची शाळा आहे.

---

तिसरा_बाक यांचा प्रतिसाद:

थोडा विरोधी सूर लावतो, क्षमस्व. मी एका संस्थेत स्वयंसेवकांच्या नेमणुकांचे काम पाहत असे आणि सहा आठवड्यांच्या पाहुण्या शिक्षकांविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. मुलांच्या बाजूने पाहा. दीड महिन्याला एक नवा चेहरा येतो, पुन्हा ‘माझे नाव अमुक, माझा आवडता रंग निळा’ येथून सुरुवात होते, मुले लळा लावून घेतात आणि तो चेहरा निघून जातो. मी पाहिलेल्या एका वर्गाने रंगांचे धडे वर्षात पाच वेळा गिरवले होते. क्रियापदांपर्यंत कोणी पोहोचलेच नाही.

तरीही तुम्ही जाऊ नये असे मी म्हणणार नाही, कारण तुमच्याकडे एकतीस वर्षांचा वर्गाचा अनुभव आहे आणि तो बहुतेक स्वयंसेवकांकडे नसतो. माझी सूचना एवढीच की, मुलांना शिकवण्याऐवजी शिक्षकांबरोबर बसण्याचा प्रस्ताव संस्थेपुढे ठेवा. ख्मेर रूज या जहाल साम्यवादी गटाच्या १९७५ ते १९७९ या राजवटीत शाळा बंद पडल्या आणि शिकलेली माणसे वेचून मारली गेली. त्यानंतर ज्यांना थोडेफार लिहितावाचता येत होते त्यांनाच घाईने शिक्षक करून शिक्षणाची उभारणी करावी लागली. आजच्या तरुण शिक्षकांना त्यांच्या वरच्या पिढीकडून व्यवसायाचे जे बारकावे मिळायला हवे होते, ती पिढीच मध्ये तुटलेली आहे. अपूर्णांक शिकवताना मुले नेमकी कुठे अडखळतात, चुकीच्या उत्तरातून मुलाचा विचार कसा ओळखावा, साठ मुलांच्या वह्या कशा तपासाव्यात, हे एखाद्या शिक्षिकेने दुसऱ्या शिक्षिकेला सांगितले तर ते सहा आठवड्यांनंतरही तिथे राहते. पहिला आठवडा मागच्या बाकावर बसून नुसते पाहा. वर्ग त्यांच्याच शिक्षिकेला घेऊ द्या.

एक शनिवार-रविवार राजधानी नोम पेन्हसाठी काढा, असेही सुचवतो. बसने पाच-सहा तास लागतात, त्यामुळे शुक्रवारी दुपारीच निघता आले तर बरे. तुओल स्लेंग हे संग्रहालय पूर्वी एक माध्यमिक शाळा होती. ख्मेर रूजने तिचा तुरुंग केला. वर्गखोल्यांत विटांच्या भिंती घालून जेमतेम हात-पाय मावतील एवढ्या कोठड्या बांधल्या. काही खोल्यांत भिंतीवरचा फळा अजून तसाच आहे. आयुष्यभर फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला ते पाहणे जड जाते, पण ज्या शिक्षकांबरोबर तुम्ही काम करणार त्यांच्या आई-वडिलांच्या आयुष्यात काय घडले ते कळल्याशिवाय त्यांचे मौनही कळत नाही. २०२५ मध्ये या जागेचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. हा दौरा शेवटच्या आठवड्यात ठेवू नका, परत येऊन शिक्षकांशी बोलायला वेळ हाताशी असू द्या.

थायलंडच्या सीमेलगतच्या प्रेआह विहेआर मंदिराचा विचार मनात असेल तर सध्या काढून टाका. २०२५ मध्ये त्या सीमेवर चकमकी झाल्या आणि जमिनीवरची नाकी बंद झाली. जाण्यापूर्वी ताजी परिस्थिती तपासावी आणि कंबोडियात विमानानेच उतरावे. सिएम रीपचा नवा विमानतळ शहरापासून बराच दूर आहे, तेव्हा रात्री उशिरा पोहोचणारे विमान टाळा.

---

वजाबाकी यांचे उत्तर:

तिघांचेही मनापासून आभार. ‘खडूची_पूड’ यांनी सुचवलेले प्रश्न मी संस्थेला पाठवले होते. उत्तर आज आले. मुले रोज घरी जातात, चारित्र्य दाखला त्यांना हवाच आहे (तो मी मागवला आहे), आणि माझ्यानंतर वर्ग कोण घेणार याचे उत्तर नाव घेऊन आले. ती शिक्षिका चोवीस वर्षांची असून गेली दोन वर्षे एकटीच गणित आणि इंग्रजी दोन्ही सांभाळते. शुल्काच्या विनियोगाबाबत उत्तर थोडे गोल आहे, ते पुन्हा विचारीन. शनिवारी सकाळी अकरापर्यंत वर्ग असतात, हे वेळापत्रक मागवल्यावरच उघड झाले, त्यामुळे ‘पायवाट’ यांच्या आखणीतले शनिवार मी दुपारनंतरचे धरते. अंकोर वाटला तशीही समोरून येणारी उन्हे दुपारीच असतात. अकराला सुटून तिथे तीनपर्यंत पोहोचणे जमण्यासारखे आहे. बांतेय स्रेई आणि ता प्रोहम रविवारी सकाळी.

‘तिसरा_बाक’ यांचा प्रतिसाद वाचून पहिल्यांदा थोडा राग आला, हे मान्य करते. दोन दिवस विचार केल्यानंतर मी त्या शिक्षिकेलाच थेट पत्र लिहिले आणि तिला माझी मदत कशात हवी ते विचारले. तिचे उत्तर चार ओळींचे होते. तिला अपूर्णांकांचा भागाकार हवा आहे. ‘दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणा’ असे ती मुलांना सांगते, पण एका मुलाने ‘का उलटा करायचा?’ असे विचारले आणि तिला उत्तर देता आले नाही. मी आजपासून कागदाच्या पट्ट्या कापायला घेतल्या आहेत. कुणाला त्यासाठी याहून चांगले साधन माहीत असेल तर जरूर कळवावे.